बाबांची दगडी पगडी

सेनिहाताई, तुझ्या शाबानचा इस्तंबूलहून सलाम. मी धडधाकट आहे, पोटभर पिलाफ खातो. तुझा गुडघा कसा आहे?

आलो होतो मशिदीच्या घुमटावर शिसं चढवायला. वरून जहाजं मुंग्यांएवढी दिसतात, पण ते असो. सुलतानाने जानिसारी शिपाई कापून काढले, चौकात धडं सडताहेत. आता मेलेल्यांची पाळी. एका पाशाच्या मकबऱ्यामागे जानिसारींच्या कबरींवरच्या दगडी पगड्या आम्ही फोडतोय. एकदा हात अडला, तर मुकादम म्हणाला, "काय रे, बाप पुरलाय का इथे?" मी हसलो आणि घाव घातला.

दगड फोडणाऱ्या टोळ्या आपल्या बुर्सातही येतील. बाबांच्या कबरीवरही तीच जानिसारी पगडी आहे; ती ओळखली, तर घरात शिरतील. त्याआधी पगडी तूच उतरव. छिन्नी माझ्या पेटीत आहे. मानेवर एकच घाव घाल, बाबांना हाल नकोत.

तुझाच,
शाबान