झेंड्याची घडी बर्निस घालील

मी, ऑर्लिंडा माएस्तास, वय वर्षे बावन्न, राहणार सान लिबोरियो, न्यू मेक्सिको, पूर्वीचा व्यवसाय लष्करात ट्रक दुरुस्ती, सध्याचा व्यवसाय आजारपण, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. यकृत राहिलेले नाही, पण मृत्युपत्राला यकृत लागत नाही. हे मजकडून कोणी धाक दाखवून, गोड बोलून किंवा गुंगीत असताना लिहून घेतलेले नाही. गुंगीचे औषध मी संध्याकाळी घेते आणि हे सकाळी लिहीत आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी वाळवंटात लढाईवर जाण्याआधी केले होते आणि त्यातली बाई वेगळी होती.

वकीलबाईंनी मसुदा वाचून सांगितले, "मृत्युपत्रात टोमणे मारत नाहीत." मी विचारले, "मग कुठं मारायचे?" त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला लिहू दिले.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बर्निस त्सोसी हिने करावी. बर्निस नवाहो जमातीची आहे, नौदलात स्वयंपाकी होती आणि माझ्या घरी आलेली पहिली बाई. आली त्या दिवशी ती अंगणात गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू ठेवून. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने तिला माझा पत्ता दिला होता. मी बाहेर गेले, गाडीच्या बॉनेटवर कॉफीचा कप ठेवला आणि काही न बोलता आत आले. जेवणवेळेपर्यंत कॉफी थंड झाली असणार. मग ती कप परत द्यायला आत आली. तिला अजून तो नीट परत करता आलेला नाही, कारण ती गेलीच नाही.

कलम दुसरे, घराबाबत. हे घर पूर्वी शाळेच्या बसगाड्यांचे गॅरेज होते. मी ते घेतले तेव्हा भावाने नाक मुरडले. "माणसं गॅरेजचं घर करत नाहीत, ऑर्लिंडा." मी म्हणाले, "मी मेकॅनिक आहे." खोल्या पाडल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर केले. नळ मी बसवले, त्यामुळे एक-दोन गळतात. गणवेश घातलेल्या आणि आपल्याच बाजूच्या माणसाने जिचे वाईट केले अशा कोणत्याही बाईसाठी हे घर उघडे राहावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याला माझे नाव देऊ नये. माझी जी काही शिल्लक आहे ती छपरासाठी आणि हिवाळ्यातल्या गॅससाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

घराचे नियम घराबरोबर जातात. झोपलेल्या बाईला हात लावून उठवायचे नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून तिचे नाव घ्यायचे, आणि ती जागी होताना जे काही बोलेल ते ऐकले नाही असे समजायचे. कोणाला काय झाले ते विचारायचे नाही. कोणी आपणहून सांगू लागली तर ऐकायचे, पण हातातले काम थांबवायचे नाही. वाटाणे सोलत असाल तर सोलत राहा. सगळ्यांनी हातातले टाकून तिच्याकडे पाहिले की ती पुढचे सांगत नाही, हे मी पाहिले आहे.

जेवणाचे टेबल हलवू नये. आमच्यापैकी प्रत्येकीला भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे असते, आणि सुरुवातीला तशा दोनच खुर्च्यांसाठी रोज मुकाट ओढाताण चालायची. शेवटी मी भिंतीला लागून लांब बाक ठोकला. तेव्हापासून आम्ही सगळ्या एकाच बाजूला बसून जेवतो. आमच्या टपाल कचेरीतली ॲडेलिना एकदा जेवायला आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं बाई, चर्चमधली येशूच्या शेवटच्या जेवणाची तसबीर! यातली फितूर कोण?" आमच्यातली केंड्रा म्हणाली, "फितूर बाहेर असतात, बाई. आत या, बीन्स निवतायत." त्या दिवशी मी हसले होते, असे बर्निस सांगते.

प्रत्येक पलंगाजवळ पाण्याचा जग भरून ठेवायचा. हा नियम मोडला तर मात्र मी कबरीतून ओरडेन. वाळवंटातल्या तळावर बायकांचे संडास जनरेटरच्या पलीकडे, अगदी टोकाला होते. अंधारात आपल्याच माणसांमधून तिकडे जायला लागू नये म्हणून आम्ही दुपारनंतर पाणी पिणे सोडायचो. तव्यासारखा तापलेला तळ, आणि आम्ही ओठसुद्धा ओले करायचो नाही. एखादी चक्कर येऊन पडली की डॉक्टर रागवायचे, "पाणी पीत जा, किती वेळा सांगायचं?" आम्ही माना डोलवायचो. नव्या मुलीला ही युक्ती जुनी मुलगी सांगायची. मला एका स्वयंपाकीण बाईने सांगितली, मी पुढे दोघींना सांगितली. मी अगदी नेमाने पाणी सोडले होते. माझ्या बाबतीत ते घडले भर दुपारी, सुट्या भागांच्या कंटेनरमध्ये, जिथे माझीच ड्यूटी होती. त्याबद्दल याहून जास्त मी येथे लिहिणार नाही.

कलम तिसरे. माझे सगळे पाने, जॅक, आणि लाल पेटीतली हत्यारे केंड्रा ऑल्सन हिला द्यावीत. केंड्रा हवाई दलातून आली, वयाने आमच्यात लहान, बोलण्यात सगळ्यांची आजी. नट किती आवळायचा ते दाखवणारा काट्याचा पाना तिने पेटीत टाकताना काटा शून्यावर आणून ठेवावा, हे मी तिला जिवंतपणी पुष्कळ वेळा सांगितले आहे. आता कायदेशीर सांगत आहे. पिकअप गाडी आणि कुत्री चिस्पा हीही तिचीच. दोघींना थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो.

ॲडेलिनाला काही ठेवता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे. तिने मनाला लावून घेऊ नये.

कलम चौथे, एर्मिनियो लुहान याजबाबत. याला मी काही ठेवत नाही. ज्याला काही ठेवायचे नाही त्याचे नाव लिहायची गरज नसते, असे वकीलबाई म्हणतात. मला हे नाव एकदा कागदावर लिहायचे होते. कंटेनरमध्ये तो होता.

तो माझ्या विभागाचा सार्जंट होता. आमची तुकडी राखीव सैन्याची. म्हणजे महिन्यातून एकदा कवायत, उरलेले दिवस शेत, गॅरेज, चर्च. सगळी आमच्याच खोऱ्यातली माणसे. नेहमीच्या सैन्यात तसे झाले तर निदान त्या माणसाची बदली होते. आमच्याकडे तो तुमच्याबरोबर त्याच विमानाने घरी येतो. मी कॅप्टनला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मोहीम संपू दे, मग बघू." मोहीम संपली. गावाने आमची मिरवणूक काढली, आणि एका ट्रकवर मला त्याच्या शेजारी उभे केले. लोक हात हलवत होते. मीही हलवला. माझा हात हलतोय एवढे मला दिसत होते.

तेव्हापासून तो मला किराणा दुकानात दिसतो, पेट्रोल पंपावर दिसतो, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर पाठमोरा दिसतो. तो टोपीला हात लावतो. नाताळात त्याची बायको मक्याच्या पानात वाफवलेले टमाले पाठवते. ते चिस्पा खाते. त्या बाईचे डबे माझ्या फळीवर साठले आहेत, ते धुऊन परत करावेत. तिचा यात काही दोष नाही. लोक म्हणतात, राग मनातून काढून टाक. काढून टाकायला तो आधी असावा लागतो. मी शोधला. घराच्या एखाद्या खोलीत हीटर लागतच नाही, तसे आहे. ती खोली मी बंद ठेवली आणि बाकीच्या घरात राहिले.

कलम पाचवे, माझ्या अंत्यविधीबाबत. हे कलम सर्वांनी दोनदा वाचावे.

आमच्या खोऱ्यात कोणी सैनिक गेला की माजी सैनिक मंडळाची माणसे येतात, बंदुका झाडतात, बिगूल वाजतो, शवपेटीवरचा झेंडा काढून त्याची त्रिकोणी घडी घालतात, आणि मग मंडळाचा अध्यक्ष घरच्यांसमोर गुडघा टेकून ती घडी त्यांच्या हातात देतो. अध्यक्ष एर्मिनियो लुहान आहे. सरकार हा झेंडा टपाल कचेरीतून देते, तिथून तो आणतोही तोच, म्हणजे शोक करणाऱ्यांना हेलपाटा नको. त्याची घडी सगळीकडे नावाजलेली आहे. शेवटी फक्त निळा रंग आणि तारे दिसायला हवेत, लाल पट्ट्याचा दोरासुद्धा बाहेर दिसता कामा नये. त्याच्या घडीत तो कधी दिसत नाही. माझ्या वडिलांची घडी त्यानेच घातली. ती माझ्या हातात त्यानेच दिली. मी "धन्यवाद" म्हणाले.

माझ्या झेंड्याला त्याचा हात लागता कामा नये. बंदुका नकोत, बिगूल नको, मंडळ नको. झेंडा टपाल कचेरीतून बर्निसने स्वतः आणावा. ॲडेलिनाला मी हे कारणासकट सांगितले तेव्हा ती काउंटरमागे होती.

"तो येऊन मागेल गं. नेहमी तोच नेतो. काय सांगू?"

"सांग, झेंडा गेला."

"आणि विचारलं, कुणी नेला?"

"बायकांनी नेला म्हणून सांग."

"बरं," ती म्हणाली. मग तिने स्टॅम्पांचा खण उगाच उघडून बंद केला. "ऑर्लिंडा, एवढी वर्षं तो मला झेंड्याच्या पावतीवर सही करून देतोय. मी त्याला दर वेळी बिस्किटं दिली."

"तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली. "पण बिस्किटं दिली ना."

घडी बर्निस आणि केंड्रा यांनी घालावी. दोघींनी आयुष्यात कधी घातलेली नाही. एक कढईवर होती, दुसरी रडारवर. गेला आठवडाभर त्या स्वयंपाकघरात लाल पट्ट्यांच्या चादरीवर सराव करत आहेत आणि मी बाकावर बसून चुका काढते. काल केंड्रा वैतागली. ती मला अजून सार्जंट म्हणते.

"सार्जंट, परत लाल दिसतंय."

"तू कोपरा सैल धरतेस."

"मी नाही, ही बर्निस पोळी लाटल्यासारखी ओढते."

"मी नौदलात चारशे माणसांचं जेवण करायचे," बर्निस म्हणाली. "मला चादर शिकवू नकोस."

मग केंड्रा हळू आवाजात म्हणाली, "त्याची घडी मात्र सुरेख असते म्हणतात." बर्निसने चादर झटकली आणि म्हणाली, "चल, पहिल्यापासून."

म्हणून लिहून ठेवते: अंत्यविधीच्या दिवशी घडीतून लाल दिसले तर दिसू द्यावे. उलगडून पुन्हा घालू नये. कोणी पुढे होऊन, "द्या, मी नीट करतो," असे म्हटल्यास त्याला देऊ नये.

कलम सहावे आणि शेवटचे, माझा भाऊ तेलेस्फोर माएस्तास याजबाबत. पाटाच्या वरची जर्दाळूची बाग आणि तिची पाण्याची पाळी त्याला द्यावी. यावर कोणतीही अट नाही. पुढच्या मजकुराशी बागेचा संबंध नाही. मी सौदा करत नाही.

तेलेस्फोर, आता तुझ्याशीच बोलते. एर्मिनियो तुझ्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तुझा कोंपाद्रे. आपल्याकडे हे नाते सख्ख्या बहिणीच्याही वर बसते. हे मला माहीत होते, तरी वसंतात पाटाचा गाळ काढायला आपण दोघे उतरलो होतो तेव्हा मी तुला सांगितले. तू फावड्यावर हात ठेवून उभा राहिलास.

"तो माझ्या पोराचा धर्मपिता आहे, ऑर्लिंडा."

"माहीत आहे."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"काही नाही. तुला ठाऊक असावं."

"झालं ठाऊक," तू म्हणालास, आणि गाळ काढायला लागलास. त्यानंतरच्या रविवारी तो तुझ्या अंगणात मांस भाजत होता. मी कुंपणाजवळून गेले. तू मला हाक मारली नाहीस, म्हणजे मला बोलावून अवघडायला नको म्हणून. इतके मला समजते. तेव्हापासून दर शरदात माझ्या दाराशी लाकडे रचलेली असतात. तू दार वाजवत नाहीस. आत ये असे मीही कधी म्हटले नाही. तुझी लाकडे कोरडी असतात, सरळ फोडलेली असतात. मला तुझी आठवण येत असे, तू पलीकडच्या शेतात असतानाही.

मी गेले की पहिला फोन तू त्याला करशील. रडत करशील. तो म्हणेल, "माझ्यावर सोड." आणि तू सोडशील, कारण सगळे तसेच करतात. तसे करू नकोस. तुला मी एकच काम सांगते. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी जा, फोनवर नको, आणि सांग, "उद्या येऊ नकोस." तेवढेच. ते सांगितलेस तर बर्निस झेंडा तुझ्या हातात देईल. ती गुडघा टेकणार नाही, देशाच्या वतीने वगैरे काही बोलणार नाही. नाही सांगितलेस तर झेंडा आमच्या घरी परत जाईल, बाकाच्या वरच्या फळीवर राहील, आणि तू लाकडे आणत राहा.

कारण काय सांगू, हा प्रश्न तुला पडेल. कारण सांगू नकोस. तो काय विचारतो तेवढे बघ. तो विचारणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि एकमेकांसमोर आपल्या सह्या केल्या.

सही: ऑर्लिंडा माएस्तास, सार्जंट, निवृत्त

साक्षीदार: ॲडेलिना किंताना, टपाल कचेरी, सान लिबोरियो
साक्षीदार: रूबेन्सिओ सालास, वेल्डर, सान लिबोरियो

स्थळ: सान लिबोरियो, बसगॅरेजचे घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८