समुद्रवीराचा विमा

३ फेब्रुवारी, नरूमा

शेजारचा क्लाइव्ह पन्हळीतला निलगिरीचा पाला काढताना शिडीवरून पडला. कंबरडं मोडलं. वर्षभर काम बंद. विमा नव्हता. त्याची बायको आता शाळेची बस चालवते, वर मोटेलातल्या चादरी बदलते.

जेवताना ग्लेनिस म्हणाली, "नेव्हिल, उद्या तुझं असं झालं तर मी काय करू रे?"

संकल्प: विम्याचा संपूर्ण अभ्यास. आमची पन्हळ तुंबलेली राहू दे.

५ फेब्रुवारी

अभ्यास झाला. अगदी सोपं आहे. आयुर्विमा: मी मेलो की ग्लेनिसला पैसे. उत्पन्नाचा विमा: जगलो, पण अंथरुणाला खिळलो, तर पगाराचा बराचसा भाग मिळत राहणार. गंभीर आजाराचा विमा: यादीतला आजार झाला की एकरकमी पैसे.

यादी वाचली. त्यातले निम्मे आजार मला झालेले आहेत. जेवलो नाही.

९ फेब्रुवारी

ओडेट नावाच्या सल्लागार बाईंना फोन. म्हणाल्या, उत्पन्नाच्या विम्यात पहिला महिना काही मिळत नाही. मी विचारलं, अपघात महिनाभर आधी कळवला तर चालेल का? त्या म्हणाल्या, कंपनी फोनवर प्रश्न विचारेल. कॉल रेकॉर्ड होतो. खोटं बोललात तर ऐन वेळी बायकोला काहीच मिळणार नाही.

छंदातली जोखीमही विचारतात. इथे घोळ आहे.

१० फेब्रुवारी

गावात मी सागरी बचाव पथकाचा नेव्हिल. वादळात सापडलेली मासेमारी बोट, ट्रॉलर, ओढून आणला, ती गोष्ट ग्लेनिस पाहुण्यांना अजून सांगते. दोर बाकीच्यांनी ओढला हे खरं. मी किनाऱ्यावरून हात करत होतो. हात करणंही महत्त्वाचं असतं.

खाडीच्या तोंडाबाहेर मी कधी गेलेलो नाही. तिथे लाटा घराएवढ्या उठतात. पथकाच्या निधीसाठी धक्क्यावर सॉसेज भाजून विकायला कोणीतरी लागतंच, आणि उकळतं तेल हीसुद्धा जोखीमच.

बोटीवर जातो म्हटलं, तर समुद्रातला मृत्यू विम्यातून वगळणार. हरकत नाही. मी समुद्रात मरणारच नाही, कारण मी जाणारच नाही. ठरलं. "जातो" असंच सांगायचं. इभ्रत शाबूत.

१३ फेब्रुवारी

मी नोकरी करतो त्या दुकानात पथकाचा कप्तान बॅरी आला. "शनिवारी एक माणूस कमी आहे रे. येतोस बोटीवर?" म्हणालो, गुडघा. तो म्हणाला, "हो रे, तुझा तो गुडघा." किती समजूतदार माणूस.

१७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

सॉसेज घेऊन कारने धक्क्याकडे निघालो. शेजारी ग्लेनिस, मागे बॅरी. फोन वाजला आणि कारच्या स्पीकरवर विमा कंपनीची बाई बोलू लागली: "हा कॉल रेकॉर्ड होत आहे." वेळ मीच दिली होती. साफ विसरलो. स्पीकर बंद करायचं बटण सापडेना.

"खवळलेल्या समुद्रात बोटीवर जाता का?"

'जातो' ओठांवर होतं. तेवढ्यात मोटेलाच्या दारात क्लाइव्हची बायको दिसली. हातात चादरींचा ढीग, चेहरा ओढलेला. मला तिच्या जागी ग्लेनिस दिसली.

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"सांध्यांचं काही दुखणं? गुडघा वगैरे?"

"ठणठणीत."

बॅरी खिडकीबाहेर बघत राहिला. धक्क्यावर उतरल्यावर त्याने माझ्या हातात सॉसेज उलटायचा चिमटा दिला. "चल लेका, तवा तापव."

१८ फेब्रुवारी

सगळ्यात स्वस्त हप्ता बसला. कंपनीच्या मते मी अत्यंत सुरक्षित माणूस आहे.

ग्लेनिसला शेवटी विचारलं, मी बोटीवर जात नाही हे तुला कधी कळलं? म्हणाली, "त्या ट्रॉलरच्याच दिवशी. तुझे बूट कोरडे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हट्टाला पेटून समुद्रात गेला असतास. परत आला नसतास तर?"

भरून आलं. डोळे पुसतोय तोवर तिने गॅरेजमधून शिडी आणून भिंतीला लावली. पन्हळ साफ करायचीय म्हणे.

मी म्हणालो, गुडघा.

ती म्हणाली, "ठणठणीत आहे. रेकॉर्ड झालंय."