विली-निलीचं माहेर

मलकापूर

प्रिय झुलेखा,

काल तुला जाऊन चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा झाला. मी तुझ्या घरी गेले होते आणि तिथून आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू असतीस तर शाळेच्या पडवीत बसून तासभर बोलले असते आणि मोकळी झाले असते. आता कोणाशी बोलू? पेन्शनीला टेकलेल्या मास्तरणीचं ऐकायला या गावात कोणाला सवड आहे? लढाईमुळे धड कागदही मिळत नाही, तरी लिहिते आहे.

आधी शाळेतल्या शोकसभेचं ऐक. अध्यक्ष आपले तेच, कापसाच्या जीनचे मालक. एकदा बोलायला उभे राहिले की कोणीतरी कोट ओढून खाली बसवावं लागतं. ते म्हणाले, झुलेखाबी शिवण फार सुबक शिकवीत आणि स्वभावाने अगदी गरीब होत्या. एवढंच! तू गरीब? इन्स्पेक्टरसाहेबांना भर वर्गात विचारलं होतंस की उर्दूच्या मुलींच्या वाट्याला नेहमी उरलेले खडू का येतात, ती तू? माझ्याच्याने राहवलं नाही. मागच्या बाकावरून मी मोठ्याने म्हटलं, त्या नॅम्बी-पॅम्बी नव्हत्या. अध्यक्षांना वाटलं मी इंग्रजीत काहीतरी गौरवाचं बोलले. त्यांनी आदराने मान डोलावली.

तू असतीस तर पदर तोंडात कोंबला असतास.

हा शब्द तू माझ्याकडून कसा घेतलास, आठवतं? शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. तू मुलींच्या रुमालांना दोरे घालून देत होतीस, मी माझा तो जाडजूड इंग्रजी कोश उघडून बसले होते. कॉन्व्हेंटात असताना आमच्या मदर असल्या जोडशब्दांना भटारखान्यातली भाषा म्हणायच्या. तोंडातून एखादा निघाला की बोटांवर पट्टी बसायची. तेव्हापासून मला त्यांचं वेड. तू विचारलंस काय वाचतेस, मी म्हटलं नॅम्बी-पॅम्बी, आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं तर तू हात वर केलास.

"अर्थ मागून. आधी सांग, माहेर कुठलं? दिली कुठे? आणि आता नांदते कशी?"

मुलगी पाहायला आल्यासारखी तुझी चौकशी! मी हसले, पण सांगायला लागले. माहेर एका कवीच्या घरचं. तो लहान मुलांसाठी लाडिक कविता करायचा, म्हणून दुसऱ्यांनी त्याचं नाव वाकडं करून ही चिडवणी केली. पुढे कवी लोक विसरले, चिडवणी राहिली आणि कुठल्याही लेच्यापेच्या माणसाला चिकटली. तू सुईतला दोरा दातांनी तोडलास आणि म्हणालीस, "हाय रे! नवऱ्याचं नाव गेलं अन् बाईचं काम राहिलं."

त्या दिवसापासून आपला शनिवार ठरून गेला. हॉचपॉचचं माहेर फ्रान्सच्या स्वयंपाकघरात, एकाच हंडीत मटण आणि भाज्या. तिला दिली वकिलाच्या घरी. तिथे वाटणीआधी सगळ्यांची मालमत्ता एकत्र करायची, त्याला तिचं नाव पडलं. आता कुठल्याही भेसळीला हाका मारतात तिच्या नावाने. हगर-मगर माहेरी कुजबुजत, चोरून कामं करायची, सासरी गेली ती नुसता पसारा होऊन. हॉयटी-टॉयटी तुझी सगळ्यात लाडकी. माहेरी उड्या मारणारी, धिंगाणा घालणारी पोरगी, आणि सासरी जाऊन अशी शिष्ट झाली की नाक खाली म्हणून नाही. तुला ते पटलंच नाही. ती शिष्ट झालेली नाही, तिला कोणी उड्या मारू देत नाही म्हणून ती तशी बसते, असं तुझं म्हणणं. कोशात असं काही लिहिलेलं नाही, असं मी किती वेळा सांगितलं! तू म्हणायचीस, कोश पुरुषाने लिहिला असेल.

आणि हेल्टर-स्केल्टर? तिचं माहेर कोणालाच खात्रीने सापडलेलं नाही, असं सांगितलं तेव्हा तू हातातला रुमाल खाली ठेवलास. आपल्या 'भाकर-बिकर'मध्ये भाकरीला निदान घर असतं, बिकर तिच्या आधाराने राहते. तुमच्या 'रोटी-वोटी'तही तेच. इथे दोघींनाही घर नाही. मग तू म्हणालीस, "नसू दे. दोघी मिळून उभ्या आहेत ना?" तू बालविधवा, भावाच्या घरी राहणारी. मी लग्नच न केलेली.

पण झुलेखा, एक गोष्ट तू मला कधीच सांगितली नाहीस, आणि त्याचा मला खरंच राग आला आहे. आता काल काय झालं ते ऐक.

फातिहाची दुआ झाली, जेवणं झाली. मग मी तुझ्या भावाशी, रहीमभाईंशी बोलायला बसले. त्यांची राबिया शाळेत येत नव्हती. तू गेलीस त्या दिवसापासून एकदाही आली नव्हती, आणि मॅट्रिक तोंडावर आली होती. आईमागे तू सांभाळलेली पोर, वर्गात पहिली. तुझे भाऊ वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे. सरकीच्या व्यापारात मुरलेला माणूस, समोरच्याला नीट बसवणार, पान पुढे करणार आणि भाव मात्र पैशाने खाली आणणार नाही.

ते म्हणाले, "बाई, तिची फुफी होती तवरोक ठीक होतं. आता तिले शाळेत नेणार-आणणार कोण? अन् मेहकरवाले काई थांबून नाई राह्यले."

मेहकरवाले म्हणजे कापडाचं दुकान असलेले लोक. मुलगा चांगला आहे म्हणे. हंगाम संपला की निकाह. मी खूप बोलले. पोर हुशार आहे, सगळ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नाव काढील, मॅट्रिक झालेल्या मुलीला सासरीही मान असतो. ते प्रत्येक वाक्याला 'बराबर हाय' म्हणत होते आणि एक इंचही हलत नव्हते. शेवटी मी पिशवी उचलली.

तेवढ्यात पडद्याआडच्या खाटेवरून तुझी खाला बोलली. तुमच्या आईची ती म्हातारी बहीण, जिला आता फारसं दिसत नाही.

"बाई, एक बात पूछूँ? वो हॉयटी-टॉयटी का क्या हुआ? मायके आई के नई?"

मला आधी कळेचना. मी राबियाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि हळू आवाजात सांगितलं की शनिवारी संध्याकाळी फुफी घरी आली की तांदूळ निवडता निवडता सगळ्या बायकांना गोष्टी सांगायची. शेजारच्याही यायच्या. हॉयटी-टॉयटीची, हॉचपॉचची, हगर-मगरची, विली-निलीची. सगळ्या विचारायच्या, पुढे काय झालं.

झुलेखा! तू माझे शब्द उचलून घरी नेत होतीस! मला वाटायचं, आपण दोन म्हाताऱ्या शनिवार घालवतो आहोत. आणि तुझ्या अंगणात त्या बायका झाल्या होत्या, इंग्रजांच्या मुलखात कुठेतरी माहेर-सासर करणाऱ्या. खालाला त्या खऱ्याच वाटत होत्या. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. जन्मभर तेच केलं आहे. पण राबियाने वर पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. मायके आली आहे, सुखात आहे, असं खालाला सांगितलं.

खाला म्हणाली ते बरं झालं, पण तिचा जीव तुटतो तो विली-निलीसाठी. आणि मग ती तुझ्या भावाला म्हणाली, "रहीम, उस बिचारी से किसीने पूछा था क्या? हाँ बोले तो भी डोली, ना बोले तो भी डोली. मैं हर नमाज में दुआ करती उसके वास्ते. और तू अपने घर में वहीच कर रहा."

रहीमभाई गोंधळले. कोण विली-निली, कोणाची पोरगी, कोणत्या गावची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लांबची आहे, पण गोष्ट खरी आहे.

खरीच आहे ना? विल म्हणजे इच्छा, निल म्हणजे अनिच्छा; 'इच्छा असो की नसो', हे तिचं माहेर. हल्लीची तरुण मंडळी तो शब्द 'कसंतरी, वाटेल तसं' अशा अर्थाने लिहायला लागली आहेत. मी वर्तमानपत्रात वाचते आणि संतापते. आधीही तिला कोणी जुमानत नव्हतं, पण निदान तिची इच्छा आणि अनिच्छा दोन्ही शब्दात उभ्या तरी होत्या. आता त्याही पुसल्या.

मी रहीमभाईंना विचारलं, तुम्ही राबियाला विचारलंत का? ते म्हणाले, तिले काय विचाराचं. मग माझ्या लक्षात आलं, इतका वेळ मीही तिच्याबद्दलच बोलत होते, तिच्याशी नाही. मी तिच्याकडे वळले. काय हवं ते तूच सांग, म्हटलं.

ती उभी राहिली. "मले मॅट्रिक द्याची आहे. मेहकरचं मंग विचारा. हो म्हणाचं का नाई, ते मी तवा सांगीन."

"म्हंजे नाई बी म्हणशीन?" रहीमभाई.

राबिया तशीच उभी राहिली. पडद्याआडून खाला खुदकन हसली. रहीमभाईंनी पानाचं तबक उगीच इकडचं तिकडे केलं. शेवटी म्हणाले, परीक्षेपर्यंत मेहकरवाल्यांना थांबायला सांगतो, पण पोरगी बाहेर जाणार नाही, शिकवायला बाईंनी घरी यावं. मी म्हटलं, उद्यापासून येते.

आज गेले होते. भूमिती तिची कच्ची आहे. तू तिला गोष्टी सांगायच्या ऐवजी दोन प्रमेयं करून घेतली असतीस तर बरं झालं असतं! शनिवारी मात्र धडा लवकर संपवावा लागणार आहे, गोष्टींसाठी शेजारणींनी आत्ताच बजावलं आहे.

तुला वचन देते. परीक्षेचं केंद्र अकोल्याला असो नाहीतर अमरावतीला, बायकांच्या डब्यात तिच्या शेजारी मी बसेन आणि पेपर संपेपर्यंत बाहेर थांबेन. मेहकरची माणसं येतील त्या दिवशी रहीमभाईंच्या बैठकीत खुर्ची टाकून बसेन, कोणाला आवडो न आवडो. राबिया हो म्हणाली तर पोटभर शिरखुर्मा खाऊन घरी जाईन. नाही म्हणाली, तर तिचं 'नाही' सगळ्यांच्या कानात शिरेपर्यंत त्या खुर्चीवरून उठणार नाही.

तुझी हट्टी,
सुमती