धाकट्या जावेला आलेल्या देवी

सोमवार, ९ एप्रिल १९७३

चांगुणाला देवी आल्या! पायांवर बारीक लाल टिपके, पोटरीवर दोन काळेनिळे डाग. सासूबाईंनी बघितलं मात्र, लगेच हात जोडले — "आई, चुकलंमाकलं पोटात घाल." दाराला लिंबाचा टाळा, फोडणी बंद, आणि धाकट्या जाऊबाईंचं अंथरूण माजघरात! काल हीच झिऱ्यावरनं पाणी आणत होती. आज तिला नावानं हाक मारायची नाही, 'देवीबाई' म्हणायचं.

पाणी, दळण, शेणकूर — तिची सगळी कामं माझ्या गळ्यात.

बुधवार, ११

आमचे हे सकाळी अंघोळ करून तिच्यापुढं हात जोडून उभे! माझ्या दोन बाळंतपणांत उंबऱ्यापर्यंतसुद्धा आले नव्हते. मच्छिंद्रभावजींनी बायकोसाठी कलिंगड आणलं. वहिनीला एक फोड? नाव नको! जळते मी, जळते. इथं कोण वाचतंय?

ना ताप, ना खाज. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणे. तासभर मिसरी घासल्यावर येणारच की! घामोळं आलंय झालं. आयती चैन चाललीय.

गुरुवार, १२

माझा भाऊ भिमाजी संगमनेरला एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. दिवाळीत आला तेव्हा सांगत होता — "लाल डागावर काच दाबायची. फिका पडला तर घामोळं, पित्त, गोवर असलं काहीतरी. तसाच ऱ्हायला तर कातडीखाली रगत सांडलंय. तिथं येळ काढायचा न्हाई."

म्हटलं, आज सोंग उघडं पाडायचंच. दुपारी सगळे पेंगले. पाहुण्यांचा काचेचा पेला घेतला आणि तिच्या पोटरीवर दाबला.

फिके पडेनात. पुन्हा दाबला. मग माझ्याच हातावरच्या घामोळ्यावर दाबून बघितला — लाली लगेच गेली. तिचे टिपके तसेच!

ती टक्क बघत होती. मग लुगडं पोटरीवर ओढून घेतलं.

शुक्रवार, १३

बोलले नाही. सासूबाई म्हणतील, देवीचा अपमान केला. पण खरं कारण ते नाही. दवाखान्यात नेली की आणखी लाड होणार तिचे.

शनिवार, १४

सकाळीच तिचा घोळणा फुटला. नाकातलं रक्त थांबेना. अख्खा पदर भिजला. ओरडलेच — "देवी नाहीत या! दवाखान्यात न्या तिला!"

सासूबाई अंगावर आल्या. "सुई टोचली तर देवी कोपंल! तुलाच लई कळतंय व्हय?"

मी पेला आणला, सगळ्यांसमोर दाबून दाखवला. भावजींनी सरळ तिला उचललं. फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढं संगमनेरपर्यंत यष्टी. मीही बरोबर गेले. काल बोलले असते तर, एवढंच वाटेत डोक्यात.

डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्यात, कातडीखाली रक्त झिरपतंय. आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं. लगेच रक्त चढवलं, गोळ्या सुरू केल्या.

बुधवार, १८

नाकातलं रक्त थांबलंय. नवे टिपके नाहीत. भावजी भेटेल त्याला सांगतात — "वहिनींनी वाचवली." आज मी घरी आले तर सासूबाईंनी आपल्या हातानं माझ्या भाकरीवर तूप घातलं! शेजारची बायडाबाई पोराचा पुरळ दाखवायला माझ्याकडं आली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

शुक्रवाराबद्दल कुणाला बोलले नाही.

शनिवार, २१

दवाखान्यात चांगुणाजवळ मी एकटीच होते. म्हटलं, "अगं, एवढं रक्त येत होतं तर आधीच बोलायचं नाही का?"

म्हणाली, "म्हैनाभर डाग येत हुते आक्का. देवी न्हाईत, मला ठाव हुतं. पर देवी म्हनल्यापास्नं तुमी माझ्यावर एकदाबी वरडला न्हाई. म्हनून गप पडले."