पाच तारखा, चार फुल्या

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. ‘आई, आता काही नको,’ एवढा तुझा शेवटचा निरोप, त्याला तीन आठवडे झाले. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. बाबा खेळता खेळता मुद्दाम उठून जातात, तुझा ट्रक घाटात एकटा सोडून, असंच तुला वाटतंय ना? तसं नाही, हे सिद्ध करायला मी महिनाभर धडपडले. ते सगळं आधी सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवून देऊ नकोस.

जाताना तू रागाने इथेच टाकलेला तो गेमिंग लॅपटॉप बाबांनी गेल्या वर्षी माळ्यावरून काढला, कुणाला तरी देऊन टाकायला. चालू करून पाहिला तर तुझा ट्रकचा खेळ उघडला. तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस तो, हाताला काहीतरी सापडलं. दिवसभर डोंगरातून लाकडं वाहून नेत बसले. आठवड्याने त्यांच्या शेजारी दुसरा एक ट्रक येऊन उभा राहिला. आपल्या जुन्या खात्यावरून कोण खेळतंय ते बघायला आली होतीस तू. मला ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत दाढी करून, धुतलेला शर्ट घालून खुर्चीत हजर. मी म्हटलं, ‘मुलगी बघायला जायचंय का?’ तर म्हणाले, ‘तू तुझं काम कर.’

त्यांनी शब्द टाकून मिळवून दिलेली कारखान्यातली नोकरी तू सोडलीस, आणि ‘परत तोंड दाखवू नकोस’ असं ते म्हणून बसले. त्यानंतर दोन वर्षं तुमच्यात अक्षराची देवाणघेवाण नाही. आणि आता रोज पाच ते सहा एकत्र ओझी वाहणं चाललेलं. एक हॉर्न म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ते हॉर्न ऐकायची. तू लहान असताना जिन्यावरून तुझी पावलं ऐकायची ना, तशी. मुद्दाम सावकाश घड्या घालायची, म्हणजे सहापर्यंत पुरतील.

मग मागच्या महिन्याच्या तीन तारखेला पहिल्यांदा ते झालं. पडद्यावर रंगीत पट्टे आले, चित्र थिजलं आणि सगळं काळं. पंखा मात्र मिक्सरसारखा घरघरत होता. पुन्हा चालू होईपर्यंत दहा मिनिटं गेली, तोवर तू निघून गेलेली. एक दिवस नीट चाललं, पाच तारखेला पुन्हा तेच. खेळात दोघांपैकी एक गेला की फेरी फुकट जाते, हेही मला तेव्हाच कळलं. बाबा टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘तिला वाटणार मीच गेलो.’ खेळातच खाली लिहायची जागा आहे, तिथे लिहून कळवा म्हटलं, तर तोंड फिरवलं.

मग मी वही काढली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या विज्ञानाच्या सिस्टर म्हणायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच लिहून ठेवा, मनाला फसवायची सवय असते. इतकी वर्षं झाली, त्यांचा खडूचा वास अजून आठवतो. आधी लॅपटॉपखाली चार कोपऱ्यांना चार बाटल्यांची बुचं ठेवली, हवा खेळती राहावी म्हणून. आधी आठ मिनिटं टिकलं होतं, आता अकरा टिकलं. नऊ तारखेला परत काळोख. मग दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘मावशी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाका.’ बाबा पलीकडून ओरडले, ‘ड्रायव्हर मी आहे, मला काढते का ही?’ खूप दिवसांनी हसलो आम्ही. तो काढला, दुसरा घातला, प्रत्येक बटण दाबण्याआधी दोनदा वाचत. एक चुकीचं बटण दाबलं तर तुझ्यापर्यंतचा तेवढाच रस्ता बंद होणार, याच धास्तीने. मग चित्राचा दर्जा कमी केला. डोंगरावरची झाडं गेली, नुसती ढेकळं राहिली, पण पंचवीस मिनिटं टिकलं. बारा तारखेला सव्विसाव्या मिनिटाला गेलंच.

चौदा तारखेला मी स्वयंपाकघरात होते. बाबा दारात येऊन म्हणाले, ‘गेलं परत.’ मी घड्याळ पाहिलं, पाच वाजून चाळीस. वहीत लिहिलं. त्या दिवसापासून तू आली नाहीस.

दुकानात नेऊ या म्हटलं की बाबा म्हणायचे, ‘आता कुणासाठी दुरुस्त करायचं?’ परवा मीच पिशवीत घालून निघाले, तेव्हा मुकाट्याने मागून आले. त्या मुलीने खालचं झाकण उघडलं. दोन पंख्यांपैकी एक फिरतच नव्हता, माळ्यावरच्या गोधडीचा कापूस त्यात अडकलेला. ग्राफिक्सची चिप भट्टीसारखी तापायची आणि मग मान टाकायची. तिने साफ केलं, चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. तासभर खेळ चालवून पाहिला, झाडंबिडं सगळी परत आली. मला इतकं हलकं वाटलं. मी तिला म्हटलं, ‘हे असं बंद पडायचं याचा काही लेखी पुरावा मिळेल का? मुलीला पाठवायचाय.’ ती म्हणाली, ‘मिळेल की, लॅपटॉप स्वतःच नोंद ठेवतो. बंद पडला की त्या तारखेखाली लाल फुली.’

मी वही उघडून तारखा वाचायला लागले. तीन. ‘आहे.’ पाच. ‘आहे.’ नऊ, बारा, दोन्हींखाली फुल्या. चौदा म्हटल्यावर ती थांबली. मागे गेली, पुढे आली. ‘मावशी, चौदाला काही नाही. पाच चाळीसला खेळ नीट बंद केलाय. कुणीतरी हाताने.’ मी म्हटलं, ‘नीट बघ गं.’ तिने पडदा माझ्याकडे वळवला. बाबा स्टुलावर बसून भिंतीवरच्या वायरी बघत होते.

बाहेर आल्यावर फुटपाथच्या कठड्यावर ते बसले. मी उभीच राहिले. म्हणाले, ‘तिने लिहिलं होतं.’ काय लिहिलं होतं? ‘बाबा, मी घरी येऊ का, असं.’ मग? ‘मग बंद केलं.’ मी वही पिशवीत घातली.  तेच पुढे म्हणाले, ‘हो म्हटलं असतं, तर दोन वर्षं मीच चुकलो असं झालं असतं. बोटं चालेनात. चार वेळा आपोआप गेलो होतो, वाटलं, पाचव्यांदाही तिला तसंच वाटेल.’ घरी येताना वाटेत त्यांनीच हे पाकीट घेतलं. म्हणाले, ‘तिला लिही, मशीन बिघडलं होतं. खोटं कुठे आहे त्यात?’

आणि मी तेच लिहायला बसले होते, भिंगरी. सवयच आहे मला. बाबा दमलेत, बाबांना ऐकू आलं नसेल, बाबांच्या मनात तसं नव्हतं. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून त्यांच्या वतीने मी तुला हेच सांगत आले. तू बॅग घेऊन निघालीस त्या दिवशीही दारात उभी राहून ‘रागात बोलतात गं’ एवढंच म्हणाले, तुला थांब म्हणाले नाही. म्हणून आज खरं ते लिहिलं. चौदा तारखेला मशीन बिघडलं नव्हतं. त्यांनी तुझा प्रश्न वाचला आणि खेळ बंद केला. त्याचं उत्तर त्यांचं त्यांनाच द्यायचं आहे, मी ते देणार नाही. पण तू विचारलंस घराबद्दल, आणि हे घर माझंही आहे. मला विचारलं असतंस तर मी एवढंच म्हटलं असतं, ये. आत्ताही तेच म्हणते. ये.

तुझीच, आणि या वेळी स्वतःच्याच वतीने लिहिणारी,
आई