वांगी संपायच्या आत १.०

२ नोव्हेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. पण उद्या कुणी सुतळीचा इतिहास लिहायला बसलं तर तारखा हाताशी असाव्यात.

तर इतिहासकारांसाठी. सुतळी हे वेब फ्रेमवर्क आहे, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. ओपन सोर्स. फुकट घ्या, उघडून बघा, सुधारून परत द्या. मी, दिपमाला, जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि उरलेल्या वेळात काही वर्षं ही सुतळी वळतेय. आकडा अजून ०.७ वर. १.० म्हणजे जगाला दिलेलं वचन: पाया पक्का झाला, यापुढे तुमचं चालू असलेलं आम्ही मोडणार नाही.

संकल्प: ३० नोव्हेंबरला १.०. नवीन काहीही घालायचं नाही. फक्त झाडायचं, पुसायचं.

फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, १.० आलं की रावेरच्या मळ्यात भरीत पार्टी, माझ्याकडून. माझ्या मेसेजला एवढे अंगठे आजवर कधी आले नव्हते.

७ नोव्हेंबर

नवीन काही घालायचं नाही हे ठरलंय. पण फॉर्मची मांडणी फारच जुनी दिसते. ती बदलणं म्हणजे नवीन घालणं नव्हे, दुरुस्ती.

रूपालीला सांगितलं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याच्या कंपनीचं काम इथे घरी बसून करते. सुतळीला माझ्याखेरीज हात लावणारी एकटीच. म्हणाली, मॅडम, एकदा हात आवरा ना. मुलीला घाई फार. मी समजून घेते.

१५ नोव्हेंबर

सुतळीचे सर्वांत मोठे वापरकर्ते म्हणजे माझे दीर, भूपेंद्रभाऊजी. रावेरला त्यांचं केळी पॅकिंग आहे. शेतकरी साइटवर नोंद करतात की केळी कापायला आली. कुणाच्या मळ्यात कोणत्या दिवशी माणसं आणि गाडी जाणार ते साइट ठरवते. गाडी चुकली तर केळी झाडावरच पिकायला लागते आणि मग ती कुणी घेत नाही.

जगात इतरही वापरकर्ते असणार. ते कळवत नाहीत. समाधानी माणूस कशाला कळवेल?

खरं सांगायचं तर भाऊजी वापरतात म्हणून मी स्टाफरूममध्ये 'प्रत्यक्ष वापरात असलेलं' हे शब्द उच्चारू शकते. त्यांनी सोडलं तर सुतळी आणि माझ्या नणंदेचं लोकरीचं विणकाम यात फरक राहत नाही. म्हणून त्यांच्या साइटवर मी प्रत्येक सुधारणा स्वतः, सर्वांत आधी चढवते. विचारायचं काय, घरचंच आहे.

३० नोव्हेंबर

आज १.० नाही. कारण तांत्रिक आहे, इथे लिहून उपयोग नाही. (फॉर्म बदलले म्हणून तक्ते बदलावे लागले. तक्ते बदलले म्हणून क्रम लावायची पद्धत.) नवी तारीख १५ डिसेंबर. ही पक्की.

पितांबर, म्हणजे आमचे हे, भुसावळला रेल्वेत आहेत. म्हणाले, आमच्याकडे गाडी लेट झाली तर निदान माइकवरून खेद तरी व्यक्त करतात.

९ डिसेंबर

वाईट दिवस. क्रम लावायची नवी पद्धत काल भाऊजींच्या साइटवर चढवली. सुंदर पद्धत आहे. फक्त तिने आज सगळ्या गाड्या एकट्या चुडामणनानांच्या मळ्यात पाठवल्या.

ज्योत्स्नाचा, भाऊजींच्या बायकोचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा फोन. पॅकिंगचं ऑफिस तीच बघते. म्हणाली, ताई, काल तुम्ही काही केलं का? नानांच्या बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रक लागलेत. नानांनी सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला, आता म्हणतात, माझ्या पोरीच्या लग्नातही एवढ्या गाड्या नव्हत्या. इकडे बाकीचे शेतकरी ऑफिसात येऊन बसलेत.

मी म्हटलं, यातून एक चांगली चूक सापडली. भाऊजी फोनवर आले नाहीत. कामात असतील.

१३ डिसेंबर

रावेरला जाऊन आले. रूपालीला बरोबर नेलं. सासरे, आबा, ओट्यावर बसले होते. म्हणाले, होते व माय, ज्याच्या हाताले काम त्याच्याच हातून मोडते. आबांना तंत्रज्ञान कळत नाही, पण माणूस कळतो.

रूपाली दिवसभर ज्योत्स्नाजवळ ऑफिसात बसली. काय चाललंय विचारलं तर बॅकअप म्हणाली. चांगली सवय आहे, मीच लावलेली.

निघताना भाऊजी गाडीपर्यंत आले. म्हणाले, वहिनी, आता तुम्ही बिनधास्त काय पाहिजे ते करा. आमच्याकडून काही बोलणं नाही. माझे डोळे भरून आले. एवढ्या नुकसानीनंतर एवढा विश्वास! रूपाली खिडकीबाहेर बघत होती.

१.० आता १ जानेवारीला. वर्षाची सुरुवात, लक्षात ठेवायलाही सोपं.

२२ डिसेंबर

एकही तक्रार नाही. नवी क्रम-पद्धत दुरुस्त करून पुन्हा चढवली, रंग बदलले, नोंदीचा फॉर्म डावीकडून उजवीकडे नेला. शांतता. याला स्थैर्य म्हणतात.

रोज सकाळी साइट उघडून बघते. नोंदी थोड्या कमी दिसतात, पण चुडामणनाना एक दिवस चुकत नाहीत. रोज एक गाडी. यंदा नानांचं पीक जोरात दिसतंय. झाल्या प्रकारानंतर तेच आपले सर्वांत निष्ठावंत वापरकर्ते झाले, यातच सगळं आलं.

२९ डिसेंबर

सकाळी नानांची नोंद आली, त्यानंतर माझ्या हातून एक बटण सबंध दिवस गायब होतं. नोंद पाठवायचं बटण. संध्याकाळी लक्षात आलं. तरी रावेरहून फोन नाही! लोक आता बटणाशिवायही साइट वापरू शकतात असं म्हणायचं का? रचना सहज असली की असं होतं. १.० च्या प्रस्तावनेत हा मुद्दा घ्यावा.

४ जानेवारी २०२६

१ तारीख टळली. कॉलेजात परीक्षा. पर्यवेक्षण करता करता कोण फ्रेमवर्क प्रकाशित करतं?

ग्रुपवर छळ चालू. भाऊजींनी टाकलं, वहिनी, १.० राहू द्या, ०.७ किलो भरीत तरी होऊ द्या. सगळे हसले. ह्यांनी मळ्यातल्या वांग्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, थंडी उतरली की यांत बी भरेल, मग भरीत खाताना दाताखाली वाळू. घरातला माणूसही त्या बाजूला. सहा वर्षं मी काय बांधतेय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. प्रश्न फक्त वांग्यांचा.

ठीक आहे. वांगी संपायच्या आत १.०. वांगं तरी तारीख बदलत नाही.

१० जानेवारी

धुळे. एका कॉलेजात व्याख्यान, 'ओपन सोर्स आणि खान्देश'. हॉल भरलेला होता. (हजेरी सक्तीची होती हे नंतर कळलं. पण भरलेला होता.) भूपेंद्रभाऊजींच्या साइटचं उदाहरण दिलं. म्हटलं, आज या क्षणी रावेरच्या रस्त्यांवरचे केळीचे ट्रक सुतळीच्या ताज्या आवृत्तीवर धावतायत. टाळ्या. मग एका मुलाने विचारलं, मॅडम, हे शिकलं तर प्लेसमेंट होतं का? मी म्हटलं, दृष्टी येते. तो बसला. मागून कुणीतरी म्हणालं, दृष्टी शे, पगार नही.

मुक्काम माहेरी. लॅपटॉपवर मदतीची पानं पुन्हा लिहायला घेतली. घरात सगळ्यांची जेवणं झालेली, आई आत-बाहेर करत होती. शेवटी म्हणाली, बठ्ठा जेवी गयात, तू राही गयी. मी म्हटलं, एवढं एक नीट करते. तर म्हणे, भात शिजना का उतारी लेतस, माय. शिजना नही शिजना करत कोणी बसत नही.

आईला सॉफ्टवेअर समजावणं अवघड.

२५ जानेवारी

तारीख: १ फेब्रुवारी, रविवार. भाऊजींनी सगळ्यांना आमंत्रणं दिली, म्हणजे आता मागे जाता येत नाही. योजना अशी. तुराट्या पेटवून वांगी भाजायला घेतली की मी छोटं भाषण करणार. पंगत बसायच्या आधी फोनवरून बटण दाबणार. १.० जगात. मग भरीत.

या आठवड्यात नवीन काहीही घालायचं नाही.

२८ जानेवारी

पहिलं पान फारच रिकामं वाटत होतं.

१ फेब्रुवारी

सकाळी. मळ्यात पोचलो. लेकरं, पॅकिंगची माणसं, शेजारचे शेतकरी, सगळे. कॉलेजातून कुणी आलं नाही, लग्नतिथी असेल. फोनला रेंज नाही. विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे पाणी पडायच्या हौदाच्या कठड्यावर, चढलं की एक काडी दिसते. बटण तिथूनच दाबावं लागणार.

संध्याकाळी, घरी. लिहू की नको असं झालंय. लिहिते. तारखा हाताशी असाव्यात.

तुराट्यांवर वांगी तडतडत होती. हे घाम पुसत लाकडी बडगीत मिरच्या कुटत होते. मी भाषणाला उभी राहिले. वचनाबद्दल बोलले, पायाबद्दल बोलले. मग म्हटलं, आज एका माणसाचे जाहीर आभार मानायचेत. चुडामणनाना. एवढा त्रास होऊनही ते दीड महिना रोज सकाळी न चुकता सुतळीवर गाडी नोंदवतात.

नाना खाटेवरून म्हणाले, कोन, मी? माही केयी त डिसेंबरातच कटली. आता वावरात हरभरा हाये. मी कायले गाडी बोलावू व, हरभऱ्याच्या भाजीले?

कुणी हसलं नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. भाऊजी जाळ सारायला वाकले ते वाकलेलेच. ह्यांना अचानक वांग्यांची देठं फार महत्त्वाची वाटू लागली. रूपालीने पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

ज्योत्स्ना मला केळीच्या बागेकडे घेऊन गेली. म्हणाली, ताई, रागावू नका. सगळ्या गाड्या नानांकडे गेल्या ना, त्या आठवड्यात आमचे निम्मे शेतकरी दुसऱ्या पॅकिंगला चालले होते. हे रात्रभर जागे. म्हणत होते, वहिनीला नाही कसं म्हणू? मग रूपालीनं तुमच्यासाठी साइटची वेगळी कॉपी काढून दिली. तुमचा पासवर्ड टाकला की तीच उघडते, तुम्ही करता ते सगळं तिच्यावर होतं. खरी साइट तिनं परत त्या जुन्या ०.७ वर नेली, ती अजून तिथंच आहे.

वर म्हणाली, चांगली चालते हो.

मी विचारलं, आणि रोजची ती नोंद?

ती आबांची. चहा झाला की आबा फोन घेऊन बसायचे. म्हणायचे, पोरगी रोज येऊन पाहाते, रिकामं दिसलं त वाईट वाटीन तिले.

परत आले तर आबा माझ्याकडे बघत नव्हते. जवळ जाऊन बसले. म्हणाले, मले दुसरं नाव टाकाले जमलं नाही व. चुडामण एकदा टाकलं, मंग फोनच पुरं करून देते.

पंगत बसली. विहिरीवर गेले नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरीत, कांद्याची पात. दोनदा वाढून घेतलं. वांग्यांत बी नव्हतं.

२ फेब्रुवारी

डोकं जड. वांगं बाधलं असणार.

रूपालीला एक कडक मेसेज लिहिला. विश्वास, गुरू, पारदर्शकता हे शब्द होते. पाठवला नाही. थोड्या वेळाने तिचाच फोन. म्हणाली, मॅडम, भूपेंद्रभाऊ तुमचा पासवर्डच बंद करा म्हणत होते. मीच म्हटलं, नको, मॅडमना करू द्या, फक्त दुसरीकडे. मग रडायला लागली. मला तिची समजूत घालावी लागली. या प्रकरणात माझी समजूत कोण घालणार हा प्रश्न मी मोठेपणाने बाजूला ठेवला.

ह्यांनी रात्री खिचडी लावली. विचारलं, तुम्हालाही माहीत होतं? म्हणाले, मीठ बघ बरं जरा.

५ फेब्रुवारी

सकाळी रजा टाकली. बऱ्याच दिवसांनी ०.७ उघडलं. दोष काढायच्या तयारीने बसले होते. फॉर्म साधे. तक्ते साधे. क्रम असा की ज्याची केळी आधी, त्याची गाडी आधी. हे मी लिहिलं होतं? तेव्हा मला फारसं येत नव्हतं. तेव्हा मी कुणाला दाखवत नव्हते, फक्त भाऊजींच्या गाड्या वेळेवर निघाव्यात एवढंच डोक्यात होतं.

नंतरचं सगळं बाजूला काढलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, रंग, उजवीकडचा फॉर्म, ती सुंदर क्रम-पद्धत. ०.७ जसं होतं तसं उचललं आणि नाव दिलं १.०. निर्णय सर्वस्वी माझा, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

नवीन आवृत्तीबरोबर काय काय बदललं ते लिहायचं असतं. लिहिलं: काही नाही. बटण दाबलं. घरात रेंज चांगली आहे.

ग्रुपवर टाकलं, सुतळी १.० आली. ह्यांचा अंगठा. आबांचाही, म्हणजे ज्योत्स्नाने फोन धरला असणार. भाऊजींनी लिहिलं, वहिनी, भरीत परत का?

मग ज्योत्स्नाला वेगळा मेसेज केला. खऱ्या साइटवर आता १.० चढवून घे, या वेळी शब्द देते, काहीही मोडणार नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. ताई, खूप खूप अभिनंदन! पण आमच्याकडे चालू आहे तेच ना हे? मग राहू द्या ना. सीझन आहे.

तरी घे, असं म्हणायला एखादं कारण शोधत बसले. चहा गार झाला. तेच आहे, हे खरंच होतं.

बरं, असं लिहिलं.