एकास पंचवीस

३ जानेवारी
नवी वही. संकल्प: रोज लिहिणे. कुणालाही मदत न करणे. पायलटला हरवणे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. वाचणारा मी एकटाच आहे, तरी शिस्त ती शिस्त. संरक्षण खात्याच्या बजेटला कात्री लागली आहे. नवी लढाऊ विमानं घ्यायची की नवे रणगाडे, दोन्हींपैकी एकच परवडणार. मार्चमध्ये समिती बसेल आणि तिच्या टेबलावर दोन लाकडी मॉडेलं ठेवली जातील. रणगाडा मी करतो, विमान पायलट करतो. फायली कोण वाचतं? माणूस जे समोर दिसतं ते घेतो. म्हणजे देशाच्या संरक्षणाचा फैसला आमच्या तळघरात होणार आहे. साहेबांना हे कळत नाही. ते आम्हाला 'खालचे सुतार' म्हणतात.

पायलट आयुष्यात विमानात बसलेला नाही. स्टुलावर चढला तरी त्याला गरगरतं. सव्वीस वर्षं विमानं केली म्हणून पायलट. मला सगळे जनरल म्हणतात. आदराने.

६ जानेवारी
पायलट हल्ली जेवायला तास लावतो. डबा घेऊन वरच्या बागेत बाकावर बसतो. पूर्वी पंधरा मिनिटांत हात धुऊन कामाला लागायचा. आता नवाबी थाट. असा माणूस हरणारच.

तो वर गेल्यावर त्याच्या टेबलावर सहज नजर टाकली. डावा पंख उजव्यापेक्षा जाड, आणि वाकडा. सव्वीस वर्षांत त्याचा पंख कधी वाकडा गेला नव्हता. फार आनंद झाला. डबा मात्र अर्धा परत आणला. बायकोने का विचारलं. भाजी खारट होती, म्हटलं. ती म्हणाली, सकाळी चाखून छान म्हणालात ती हीच भाजी.

७ जानेवारी, दुपारी १.२०
पायलट बागेत. पंख घासून सरळ केला. ही मदत नव्हे. एकाच खोलीतून वाकडा माल वर गेला तर बोटं माझ्याकडेही दाखवली जातील. शिवाय पडलेल्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

परत आल्यावर त्याने पंखावरून अंगठा फिरवला आणि कामाला लागला. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

१३ जानेवारी
पायलटचा हात थरथरतो. चहा. दिवसाला सात कप ढोसतो, दुसरं काय होणार. कमी कर म्हणालो. हो म्हणाला.

१८ जानेवारी
चार दिवस चहा बंद. थरथर आहे तशीच. म्हणजे थंडी. तळघराला एकच खिडकी, तीही फुटपाथच्या पातळीवर, दिवसभर लोकांचे बूट बघायचे आणि त्यांच्याबरोबर येणारा वारा खायचा. घरून हातमोजे नेऊन दिले. जुनेच होते. रात्री बायकोने हातमोजे शोधले. जुने नव्हते म्हणे, तिने गेल्याच महिन्यात विणले होते.

पुढे म्हणाली, पायलटभावोजींचा हात त्यांच्या घरीही थरथरतो, वहिनींनी सांगितलं मला. वहिनींच्या घरीही थंडी असेल. बायकांना हवामानातलं कळत नाही.

२५ जानेवारी, दुपारी १.१५
विमानाची शेपटी. फक्त शेपटी.

२७ जानेवारी, दुपारी १.१०
चाकं. तीनच तर असतात.

२ फेब्रुवारी
मोठी युक्ती सुचली. सव्वीस वर्षांचा अन्याय आज दूर होणार.

नियम असा की दोन्ही मॉडेलं एकास पंचवीस प्रमाणात हवीत. विमान मुळातच लांबलचक, त्यामुळे माझा रणगाडा त्याच्याशेजारी मालकाबरोबर फिरायला निघालेल्या कुत्र्यासारखा दिसतो. समितीवर काय छाप पडणार? यंदा रणगाडा एकास पंधरा करायचा. खालच्या पितळी पट्टीवर मात्र 'एकास पंचवीस' कोरायचं. चांगला दोन फूट लांब होईल. बघणाऱ्याची छाती दडपली पाहिजे.

पायलटला पत्ता नाही. लाकडाचा एवढा मोठा ठोकळा बघून तो फक्त म्हणाला, जनरल, यंदा जेवण जास्त झालंय वाटतं रणगाड्याला.

१६ फेब्रुवारी
विमानाचं नाक, कॉकपिटची काच, पोटाखालची क्षेपणास्त्रं. रंगाचे दोन हात बाकी. पायलट म्हणाला, वासाने डोकं चढतं, मी आज जरा लवकर बागेत जातो. जा म्हणालो. कामचुकारपणाचीही काही हद्द असते.

माझा रणगाडा मागे पडलाय. घाईत एक साखळी सैल राहिली. हरकत नाही, आकार बोलेल.

८ मार्च, सकाळी ९
आज समिती. दोन्ही मॉडेलं मीच वर नेली, पायलट लिफ्टशी थांबला. पाडशील, असं मीच म्हणालो होतो. गमतीने. तो हसला नाही. टेबलावर माझा रणगाडा रणगाडा दिसत होता. विजय निश्चित.

८ मार्च, संध्याकाळी ६
रणगाडे नामंजूर. विमानं मंजूर.

शिपायाने आतली हकिगत सांगितली. अर्थ खात्याच्या बाईंनी पर्समधून फूटपट्टी काढली, रणगाडा मोजला, पट्टीवरच्या पंचविसाने गुणलं आणि विचारलं, हा रणगाडा पन्नास फूट लांब आहे का? आपल्या कुठल्या पुलावर हा वळणार? सगळे हसले. मग विमान हातोहात फिरलं. फिनिशिंग काय आहे, असं तिघंजण म्हणाले.

फिनिशिंग माझं आहे. हे मी कुणाला सांगू? माझ्याच विमानाने माझ्या रणगाड्याला लोळवलं.

१० मार्च
झोप नाही. एका माणसाच्या हावेपायी देशाचं रणगाडादल बुडालं. इतिहास मला क्षमा करणार नाही. साहेबांकडे जाऊन सगळं कबूल करायचं ठरवलं.

११ मार्च
कबूल केलं. साहेब सही करता करता ऐकत होते. म्हणाले, अहो, निर्णय डिसेंबरातच झाला होता. मीटिंग फोटोसाठी होती. मॉडेलं फोटोत बरी दिसतात.

देश बुडवणंसुद्धा माझ्या नशिबात नव्हतं.

१५ मार्च
ऑर्डर आली. रणगाडे नाहीत तर रणगाड्याचं टेबल कशाला? कपात. माझी बदली फर्निचर स्टोअरला. खुर्च्यांवर नंबर रंगवायचे. पायलट खोलीत राहणार. मोठ्या ऑफिसांत ठेवायला त्याने दहा विमानं करायची आहेत, एप्रिलअखेर.

दहा. पायलट ऑर्डर वाचत होता तेव्हा कागद एवढा हलत होता की मी तो काढून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचला.

१६ मार्च
योजना. फर्निचर स्टोअर आवाराच्या दुसऱ्या टोकाला. जायला सात मिनिटं, यायला सात. जेवायची सुट्टी पाऊण तास. डबा चालता चालता खायचा. म्हणजे रोज एकतीस मिनिटं हाताशी. पस्तीस दिवसांत दहा विमानं. सहज होतील. पायलटला कळणारही नाही.

२२ मार्च
एकाचा सांगाडा निम्मा झाला. दोनशे अकरा खुर्च्या. धाप लागते. बायको म्हणाली, जिन्याने एक मजला चढवत नाही आणि रोज कसली पळापळ करता. व्यायाम, म्हटलं.

२९ मार्च
तळघरात गेलो तर पायलट बागेत गेलेलाच नव्हता. टेबलाशी बसला होता. बोटाला फडकं गुंडाळलेलं, फडकं लाल. स्वतः पटाशी चालवून बघितली होती त्याने. बस म्हणाला.

मग म्हणाला, सकाळी साहेबांना सांगून आलो. यंदाचं विमान मी केलेलं नाही, जनरलने केलंय. माझा हात गेला. डॉक्टरांनी गेल्याच वर्षी सांगितलंय.

मी चिडलो. गाढवा, कुणी विचारलं होतं तुला, म्हटलं. माझी योजना होती, एकतीस मिनिटांची. तो म्हणाला, तुझी योजना दिसते मला. दोन आठवड्यांत तू चार किलो उतरलास. आणि मी काय हौसेने तासभर बागेत बसत होतो? जानेवारीच्या वाऱ्यात बाकावर कुल्ले गोठायचे. तुला घासायला वेळ हवा म्हणून बसायचो. तू करतोस हे मला माहीत नाही असं तुला वाटत होतं, त्यात तुला बरं वाटत होतं. मग मी कशाला मोडू?

मी टेबल पुसत राहिलो. टेबल स्वच्छच होतं.

१ एप्रिल
साहेबांना भेटलो. दहाही विमानं मी करतो, नाव पायलटचं राहू दे, त्याला फक्त खोलीत बसू द्या. एक माणूस खुर्चीवर बसल्याने खात्याचं काय जातं? साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, बाहेर एक मशीन आहे, अशी विमानं एका दिवसात दहा छापून देतं. खोली एप्रिलअखेर बंद. पायलटना तब्येतीच्या कारणावर घरी सोडतोय, त्यांनाही तेच हवंय.

त्याला तेच हवंय हे साहेबांना काय माहीत? सव्वीस वर्षं समोरासमोर मी बसलो.

३० एप्रिल
पायलटचा शेवटचा दिवस. निरोपाचा चहा कपातीत गेला. साहेबांनी लिफ्टशी उभं राहून चार चांगली वाक्यं म्हटली आणि लिफ्ट आली.

खाली आम्ही दोघंच. हत्यारं सरकारी, ती जमा झालेली. न्यायचं असं काही नव्हतंच. त्याने कोट घातला आणि बटणं लावायला लागला. एक लागेना. तो पुन्हा प्रयत्न करत होता आणि मी खिडकीतून बूट बघत होतो. बराच वेळ गेला. मग तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, लाव रे.

लावली. चार होती. माझ्या हनुवटीशी त्याचा श्वास लागत होता. शेवटच्या बटणाला मुद्दाम वेळ लावला.

बस येईपर्यंत थांबलो. कंडक्टरने त्याला दंडाला धरून वर घेतलं.

घरी आल्यावर बायकोने काय झालं विचारलं. म्हटलं, त्याचा हात बरा होणार नाही. ती म्हणाली, मला ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होतं. जानेवारीपासून.